दोन रांजे, एक नाव

प्रस्तावना

२००१ साली भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि हत्ती ज्या यादीत आहेत त्याच यादीत, ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस या माशाचे नाव दाखल झाले. हा मासा मारणे, विकणे, बाळगणे गुन्हा ठरला. पुढे अभ्यासकांनी नमुने तपासले, जुन्या नोंदी उकरल्या, आणि लक्षात आले की ही जात आपल्या किनाऱ्यावर राहतच नाही. तिचे घर तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, हिंदी महासागराच्या पश्चिम कडेला आहे. मुंबई-रत्नागिरीच्या जाळ्यांत शतकानुशतके येत राहिले ते तिचे जवळचे नातलग : ऱ्हिंकोबॅटस लेव्हिस आणि ऱ्हिंकोबॅटस ऑस्ट्रेलिए. संरक्षण एका जातीला मिळाले आणि मरत राहिल्या दुसऱ्या दोन. हे पुस्तक त्या दोघींविषयी आहे.

कोळी बांधव या माशाला रांजा म्हणतात, कुठे लांग म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत त्याला वेजफिश असे नाव आहे. प्रथमदर्शनी तो शार्कच वाटतो. पाठीवर दोन उंच पर, मागे भक्कम शेपूट, पोहण्याची ढब मुशीची. पण उलटा केला की पोटाखाली कल्ल्यांच्या फटी दिसतात, आणि छातीचे पर डोक्याला जोडून चपटे झालेले दिसतात. म्हणजे हा पाकटांच्या गोतातला. तोंडात टोकदार सुळे नसतात. लहान, बोथट दात फरशीसारखे ओळीने बसवलेले असतात आणि त्यांच्यावर खेकडे, कोळंबी, शिंपल्यांचा चुरा होतो. लांबी दोन-अडीच मीटर, एखादा तीन मीटरच्या घरात. राहतो उथळ पाण्यात, वाळूच्या तळाशी, म्हणजे नेमका तिथे, जिथे ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याचे जणू उलटे रूप आहे. एंजल शार्क हा खरा शार्क, पण चपटा होऊन पाकटासारखा दिसू लागलेला. वाळूत अंग पुरून तो निपचित पडून राहतो आणि मासा डोक्यावरून गेला की क्षणार्धात उसळतो. पाकटासारखा दिसला तरी त्याचे छातीचे पर डोक्यापासून सुटे असतात, तोंड पुढच्या टोकाला असते आणि कल्ल्यांच्या फटी बाजूने पोटाकडे वळलेल्या असतात. या दोन घराण्यांमधले साम्य इतके बोलके आहे की जपानी अभ्यासक शिगेरू शिराई यांनी १९९२ साली सांगाडा आणि स्नायूंच्या बारीक तुलनेवरून मांडले की पाकटे म्हणजे शार्कांचीच एक शाखा, आणि एंजल शार्क व करवत-शार्क त्यांचे सख्खे. दहा-बारा वर्षे हे मत अनेकांनी मानले. मग पेशींतील डीएनएचे पुरावे आले आणि चित्र बदलले. पाकटांची वाट सगळ्या शार्कांपासून फार पूर्वीच वेगळी झाली होती. वाळूवर पडून जगण्याची गरज दोन्ही घराण्यांना स्वतंत्रपणे चपटेपणाकडे घेऊन गेली. या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात पक्की ठेवावी, कारण पुढचा सगळा गोंधळ हा दिसण्यावर विसंबण्याचा गोंधळ आहे.

या नावांच्या गोंधळामागची कथा अठराव्या शतकातून सुरू होते आणि ती मुंबईवरून जाते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक अभ्यास-मोहीम पाठवली. तिच्यातला निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्सकाल १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावला. उरलेले जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार वाटेत समुद्रावर गेला, वैद्य मुंबईत पोचून वारला. कार्स्टन नीबूर हा एकटा मागे राहिला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, रेखाटने केली, आणि पुढे युरोपात परतल्यावर १७७५ साली दिवंगत सहकाऱ्याची टिपणे छापली. त्या टिपणांत तांबड्या समुद्रातल्या या माशाचे वर्णन आहे. जेद्दा बंदराच्या नावाने ओळखली जाणारी ती जिडेन्सिस जात हीच. नीबूर मुंबईत होता तेव्हा त्याच बंदरात तिच्या बहिणी उतरवल्या जात असणार, असे मला नेहमी वाटते. पण त्या वेगळ्या आहेत हे कळायला आणखी दोन शतके जायची होती.

दुसरा धागा पूर्व किनाऱ्यावरचा. तामिळनाडूतल्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीतून मिशनरी मंडळी बर्लिनला मासे पाठवत. त्यांतल्या एका नमुन्यावरून ब्लॉख आणि श्नायडर यांनी १८०१ साली लेव्हिस या जातीचे वर्णन केले. ऑस्ट्रेलिएला नाव मिळाले १९३९ साली, व्हिटली या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाकडून. मधल्या काळात फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा प्रचंड ग्रंथ १८७५ ते १८७८ या वर्षांत प्रसिद्ध झाला आणि आपल्याकडच्या माशाला जिडेन्सिसच्या खात्यात घालण्याची सवय त्यातून मुरली. डे यांच्या ग्रंथाचा अधिकार एवढा होता की शंभर वर्षे कोणी ते खाते पुन्हा उघडलेच नाही. १९९० च्या दशकात लिओनार्ड कम्पॅनो आणि पीटर लास्ट यांनी जगभरच्या संग्रहालयांतले नमुने एकमेकांशेजारी ठेवून पाहायला घेतले, तेव्हा या घराण्यात एकाच नावाखाली अनेक जाती दडल्याचे दिसले. २००८ पासून पुढच्या दशकभरात नव्या जातींची वर्णने एकामागून एक प्रसिद्ध झाली. संग्रहालयाच्या बाटलीत दशकानुदशके पडून असलेला मासा आज नवी जात ठरतो, हे वर्गीकरणशास्त्राचे दुर्दैव मुळीच नाही. जुने नमुने जपून ठेवण्याचे ते सर्वांत मोठे समर्थन आहे.

या विषयात अभ्यासाच्या तीन परंपरा आहेत आणि त्यांची आपसांत फारशी ऊठबस नसते. पहिली संग्रहालयवाल्यांची : मोजपट्टी, क्ष-किरण, मणक्यांची संख्या, नाकपुडीवरची घडी. दुसरी धक्क्यावरची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा इथे पहाटे उभे राहून आलेल्या माशांची नोंद करतात. २००७ साली याच संस्थेने भारतातल्या शार्क-पाकटांचा सचित्र ॲटलास काढला. मराठी मुलखात या विषयावर काम करू पाहणाऱ्याला अजूनही तिथूनच आरंभ करावा लागतो. पण धक्क्यावरच्या नोंदीची एक जुनी अडचण आहे. देशाच्या आकडेवारीत या सगळ्या गोताला तीनच खण आहेत : शार्क, स्केट आणि पाकट. रांजा स्केटच्या खणात पडतो, त्याच्यासोबत त्याच्यासारखेच दिसणारे गिटारफिशही पडतात, आणि त्या खणाचा आकडा वर-खाली झाला तरी आत कोण कमी झाले ते कळत नाही. तिसरी परंपरा प्रयोगशाळेची. मासाच्या शेंगदाण्याएवढ्या तुकड्यातून सीओआय नावाच्या जनुकाचा क्रम वाचायचा आणि जात ठरवायची. पर कापून नेलेला असो, मास खारवून सुकवलेले असो, उत्तर मिळते. पण त्या उत्तराला आधार लागतो तो पहिल्या परंपरेने खात्रीने ओळखलेल्या नमुन्याचा. चुकीचे नाव लावलेल्या माशाचा जनुकक्रम माहितीकोशात गेला की ती चूक संगणकाच्या वेगाने पसरते. म्हणून तिघांनी एका टेबलाशी बसावे, हा आग्रह या पुस्तकाच्या पानापानांतून जाणवतो, आणि तो मला पूर्ण पटतो.

दोन जाती एकत्र मोजल्या तर बिघडते काय? युरोपात याचे उत्तर फार महागात मिळाले. तिथे सामान्य स्केट म्हणून १९२० च्या दशकापासून एकच जात मानला गेलेला मासा एक नसून दोन जातींचा आहे, असे फ्रेंच अभ्यासकांनी २००९-१० मध्ये दाखवून दिले. एक लहान, लवकर वयात येणारी. दुसरी आकाराने खूप मोठी, उशिरा वयात येणारी, म्हणून मासेमारीपुढे अधिक दुबळी. मोठी जात झपाट्याने घटत होती, पण एकत्रित नोंदीत लहान जात तिची जागा भरत होती. आकड्यांकडे पाहणाऱ्यांना मोठीची पीछेहाट दिसलीच नाही.

एंजल शार्कची हकिगत याहून करुण आहे. भूमध्य समुद्रात त्यांच्या तीन जाती : स्क्वाटिना स्क्वाटिना, ऑक्युलाटा आणि ॲक्युलिआटा. ॲक्युलिआटाच्या पाठीच्या मधोमध जाड काट्यांची रांग असते. ऑक्युलाटाची पाठ तुलनेने गुळगुळीत, वर डोळ्यांसारखे ठिपके. लिनेअसने १७५८ साली ज्या जातीची नोंद केली, ती स्क्वाटिना एकेकाळी नॉर्वेपासून कॅनरी बेटांपर्यंत बाजारात नेहमीची होती. २००८ साली उत्तर समुद्रातून ती नाहीशी झाल्याचे नोंदवले गेले. आज तिन्ही जाती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहेत आणि स्क्वाटिनाचा शेवटचा मोठा आसरा कॅनरी बेटांभोवती उरला आहे. दक्षिण ब्राझीलच्या किनाऱ्यावर गुगेनहाइम आणि ऑक्कुल्टा या दोन जाती एकाच जाळ्यात येत. ऑक्कुल्टाला वेगळी जात म्हणून नाव मिळाले १९९१ मध्ये, आणि तिथल्या मासेमारीने या सगळ्या कुळाची पार नासधूस केली. गुगेनहाइमच्या पाठीवर काट्यांची रांग आहे, ऑक्कुल्टाच्या नाही. एवढासा फरक, पण मादीला दर तीन वर्षांनी एकदा मोजकी पिल्ले होत असतील तर कोणत्या जातीच्या किती माद्या उरल्या हे न कळणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून हिशेब लिहिणे.

आता आपल्या दोघींकडे या. ताजा, लहान रांजा हाती आला तर खांद्यापाशी, छातीच्या परावर, एक ठळक काळा ठिपका दिसतो. तिथेच थांबून बारकाईने पाहावे. ऑस्ट्रेलिएमध्ये त्या काळ्या ठिपक्यालगत तीन पांढरे ठिपके बहुधा एका रेषेत येतात. लेव्हिसमध्ये पांढरे ठिपके त्याच्याभोवती कडे करतात. मग मुस्कटाचा आकार, अंगावरच्या आणि शेपटीकडच्या ठिपक्यांच्या ओळी, डोळ्यामागचे श्वासरंध्र असे एकेक पाहत जायचे. पण वय वाढले की ठिपके पुसट होतात, काही मोठ्या माद्यांवर तर जवळजवळ उरतच नाहीत. त्यात बर्फ लागतो, ऊन लागते, चामडी राखी पडते. लिलावाआधी पर कापलेले असले तर निम्मी खूण गेलीच. म्हणून लेखकांनी एकाच खुणेवर निकाल देण्याचे टाळले आहे. प्रत्येक खुणेपुढे ती किती भरवशाची आणि कोणत्या वयात, हे दिले आहे. असे प्रामाणिक ओळख-मार्गदर्शन मराठीत मी प्रथमच पाहतो आहे.

हे आत्ताच का? कारण वेळ उरलेला नाही. २०१९ साली आययूसीएनने वेजफिश आणि मोठ्या गिटारफिशच्या १६ जातींचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यांपैकी १५ अतिसंकटग्रस्त ठरल्या. तोवर सागरी माशांच्या दुसऱ्या कोणत्याही गटावर एवढी सरसकट वेळ आलेली नव्हती. कारणे दोन आणि ती एकमेकांना बळ देतात. रांजाच्या परांना आशियाई बाजारात सर्वांत चढा भाव, आणि रांजाचे वास्तव्य किनाऱ्यालगत, जिथे मासेमारी सर्वांत दाट. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते आणि एका वेळी थोडीच देते. बांगडा किंवा तारली यांच्यासारखी लाखोंनी अंडी सोडून एका हंगामात भरपाई करणे तिला शक्य नाही. त्याच वर्षी जिनिव्हाच्या परिषदेत या दोन्ही घराण्यांना वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले. त्यामुळे निर्यात करायची तर या व्यापाराने त्या जातीला धोका नाही, असे देशाला जातवार दाखवावे लागते. जातच सांगता येत नसेल तर दाखवणार काय?

आपल्याकडे नियम पुष्कळ झाले. २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात टाकण्यावर बंदी आली, २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यातच थांबवली गेली, २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातली शार्क-पाकटांची यादी बरीच लांबली. महाराष्ट्रात जून-जुलैची मासेमारीबंदी आहे. मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली राज्याची योजना. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर त्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अट एकच, सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत द्यायची. या योजनेने मच्छीमाराला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून काढून साक्षीदाराच्या जागी उभे केले. आणि ती छायाचित्रे हीच आज रांजाच्या अभ्यासाला मिळू शकणारी सर्वांत स्वस्त, सर्वांत विपुल सामग्री आहे.

कायद्याबरोबरच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. किनाऱ्यावर लहान मुशी हे गरिबाघरचे अन्न आहे, बाळंतिणीला मोरीचे, म्हणजे मुशीचेच, कालवण देण्याची रीत घरोघर आहे. संरक्षणाची भाषा या स्वयंपाकघराला वगळून बोलली गेली तर ती टिकणार नाही. लेखकांनी सरसकट बंदीची मागणी केलेली नाही. कोणती जात, कोणत्या आकाराची, कोणत्या महिन्यात, असा प्रश्न त्यांनी विचारला आहे. काहींना ही भूमिका मवाळ वाटेल. मला ती एकमेव चालण्याजोगी वाटते, कारण जो मासा रात्री दोन वाजता भर समुद्रात जाळ्यातून वर येतो, त्याचा निर्णय तिथे उभा असलेला खलाशीच घेणार, कोणताही अधिकारी नाही.

वाचक विचारतील की कोराडीला बसून समुद्रातल्या माशावर लिहिण्याचे कारण काय. इथून सर्वांत जवळचा समुद्र शेकडो किलोमीटरवर, आमच्या गावची ओळख वीजकेंद्राची धुराडी आणि जगदंबेचे देऊळ. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे आसिफाबादजवळ, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, इग्डाबॅटिस नावाच्या पाकटाचे चपटे दात सापडले आहेत. १९९३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपत आले होते त्या सुमारास, या भागात पाकटे पोहत होती. हे गोत लाव्हाच्या पुरातून, उल्केच्या आघातातून, हिमयुगांतून तरून आले. शार्क आणि पाकटांच्या सुमारे १,२०० जातींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक आज धोक्यात आहेत, असे २०२१ च्या जागतिक आढाव्यात दिसले, आणि मुख्य कारण एकच सांगितले गेले : अतिरेकी मासेमारी. नागपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलाला पाकटाची चिरफाड करायला मिळत नाही, ठीक आहे. पण त्याच्या राज्याच्या सीमेलगतच्या मातीत पाकटाचे दात आहेत आणि त्याच्या राज्याच्या समुद्रात त्याच गोताचे शेवटचे मोठे प्राणी उरले आहेत, हे त्याला मराठीत वाचायला मिळायला हवे. धक्क्यावरचे ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत, आणि कोळ्यांचे ज्ञान कोळीवाड्यात, असे दोन्हीकडून ते आजवर त्याच्यापर्यंत पोचले नाही.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवलेला आहे. सगळ्या शार्कांचा कोश होण्याचा मोह लेखकांनी टाळला. दोन जाती घेतल्या आणि त्यांच्या आधाराने वर्गीकरण, मासेमारी, व्यापार, कायदा, बाजार या सगळ्या वाटा चालून पाहिल्या. वाटेत गिटारफिशची आणखी एक जोडी भेटते, ग्लॉकोस्टेगस ग्रॅन्युलेटस आणि ऑब्ट्यूसस. पहिलीचे मुस्कट निमुळते, दुसरीचे रुंद आणि बोथट, दोन्ही अतिसंकटग्रस्त आणि दोन्ही आपल्याच किनाऱ्याच्या. करवत मासाही डोकावतो, पण तो आता जुन्या माणसांच्या आठवणीत आणि कुणाच्या तरी भिंतीवर टांगलेल्या करवतीतच अधिक आहे. लेखकांना जिथे खात्री नव्हती तिथे त्यांनी तसे लिहिले आहे. लेव्हिस आणि ऑस्ट्रेलिए यांची पिल्ले कोकण किनाऱ्यावर नेमकी कुठल्या खाडीच्या मुखाशी, कुठल्या महिन्यात वाढतात, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला आहे. त्याचे उत्तर ज्यांच्याकडे आहे ती माणसे होड्यांवर आहेत.

म्हणून त्यांच्यासाठी एक विनंती इथेच करून ठेवतो. रांजा जाळ्यात आला, सोडलात किंवा मेलेला मिळाला, तरी फोनवर चार छायाचित्रे घ्या : वरून अख्खा मासा, खांद्यावरचा काळा ठिपका जवळून, मुस्कट वरून, आणि पाठीचा पहिला पर पोटाच्या परासह बाजूने. शेजारी चप्पल, बाटली, काहीही मापाला ठेवा. किती वाव पाण्यात, कोणत्या गावासमोर, कोणत्या तारखेला, एवढे लिहा. पिल्लू असेल तर ते आधी पाण्यात सोडा, मग राहिलेले लिहा. पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने जोडली आहेत, ती याच नोंदींसाठी.

कोराडी, नागपूर